गल्लीची पातळी

विमा कंपनीच्या कचेरीत तिला सगळे टेपबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. कुठल्याही घरात शिरली की आधी उंबऱ्याची उंची आणि मग माणसांची खुशाली, हा तिचा शिरस्ता. घर पुरात बुडेल का, वाऱ्याने छप्पर उडेल का, मागची दरड अंगावर येईल का, हे पाहून धोक्याच्या रकान्यात एक शब्द लिहायचा, एवढंच तिचं काम. तो शब्द वाचून कंपनी ठरवायची, विमा उतरवायचा की लांबूनच हात जोडायचे. सोळा वर्षांत तिचा शब्द चुकला नव्हता.

त्या दिवशी तिच्याकडे चौदा घरांची एक गल्ली आली होती. चौदाही घरांचा एकत्र विमा, मुदत संपत आलेली, नव्याने तपासणी हवी होती. काम सोपं होतं. नदी टेकडीपलीकडे, दोन किलोमीटरवर आणि गल्लीपेक्षा बरीच खाली. ऐंशी वर्षांच्या नोंदींत या भागात पाणी चढल्याचा उल्लेख नाही. आकाश धुऊन काढल्यासारखं निळं होतं आणि सकाळचे दहा वाजले होते.

गल्ली वरच्या रस्त्याला फुटून उतरत उतरत तळाच्या भिंतीशी संपायची. वरच्या तोंडाला शिंपीणबाईंचं तीनमजली घर, तळाला घड्याळवाल्या काकांचं बैठं. तिने तळाच्या गटाराचं झाकण शून्य धरलं. तिपाईवर लेझरचं यंत्र उभं केलं आणि हातातली काठी घेऊन एकेका घराचं जोतं मोजत निघाली. यंत्राच्या पातळीला काठी आली की ती टुंई करायची. सोबतीला कुणी लागत नाही, म्हणून तिला ते यंत्र आवडायचं.

पहिलं घर काकांचं. ते जमिनीवर मांडी घालून, फूटभर उंचीच्या मेजावर एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. आजूबाजूला सुट्या भागांचे डबे, जुन्या मासिकांच्या चळती, सगळं फरशीवर.

"या, इंजिनीअरबाई. आधी आम्हाला मोजणार की घराला?"

"घराला."

"बरं झालं. आमचं माप आताशा कमीच भरतं."

ती हसली. काकांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या शहरात. तिने बॅग फरशीवर ठेवली, मापं घेतली, तीन फोटो काढले. निघताना काका म्हणाले, "वर जाताय ना? जरा डोळे उघडे ठेवून जा. आमच्या गल्लीला हल्ली काहीतरी चळ लागलाय."

शेजारी वायरमनचं घर. दारातून आत पाऊल टाकलं आणि ती थबकली. भिंतीवरचे सगळे स्विच तिच्या डोक्याच्याही वर होते. खाली जुन्या जागी सिमेंटने बुजवलेले चौकोन. वायरमनच्या बायकोने स्टुलावर चढून दिवा लावला.

"नात रांगायला लागलीय," वायरमन म्हणाला. "कुठेही बोटं घालते."

फ्रीज लोखंडी घोडीवर चढवलेला होता. त्याच्या दाराशी शिडी.

"मुंग्या," बायको म्हणाली. "वैताग आणला होता मेल्यांनी."

झोपायला माळा. कपाटाचे खालचे कप्पे रिकामे, पुसून लख्ख केलेले. टेपबाईने ती दमट जागा आहे का म्हणून भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडी ठणठणीत होती.

पुढच्या घरांतून तेच. मात्र गल्ली जसजशी चढत गेली तसतसं सामान जमिनीच्या जवळ येत गेलं. मधल्या घरात एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्यांचा पलंग विटांवर होता, छातीइतका उंच, आणि बाजूला चढायला पाट.

"गुडघे गेलेत हो माझे. खाली बसलं की उठवत नाही."

"मग या पाटावर चढवतं?"

"सवय झालीय," त्या म्हणाल्या. बोलता बोलताच त्यांनी वाकून टेपबाईची फरशीवर ठेवलेली बॅग उचलली आणि पलंगावर ठेवली. आपण असं काही केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

वायरमनच्या बायकोनेही मघाशी तेच केलं होतं, हे टेपबाईला तेव्हा आठवलं.

अगदी वर शिंपीणबाईंकडे शिलाईचं यंत्र फक्त वीतभर उंचीच्या फळकुटावर होतं. "पाय अवघडतात," शिंपीणबाई म्हणाल्या. "कालपरवाच बसवून घेतलं. महिना झाला असेल."

"सगळ्यांनी याच महिन्यात केलं का हो हे?"

"कुणी काय केलं?" शिंपीणबाईंनी दातात धरलेली टाचणी काढून विचारलं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

दुपारी ती शिंपीणबाईंच्या पायरीवर बसून डबा खाता खाता आकडे जुळवत होती. प्रत्येक घराच्या जोत्याची उंची, त्यात त्या घरातल्या सर्वांत खालच्या वस्तूची उंची मिळवायची. वायरमनचा सर्वांत खालचा स्विच: दोन मीटर बारा. नर्सबाईंचा पलंग: दोन मीटर अकरा. शिंपीणबाईंचं फळकूट: दोन मीटर दहा. तिने तेरा घरांचे आकडे एकाखाली एक लिहिले. दोन मीटर दहाच्या खाली, काकांचं घर सोडलं तर, गल्लीत कुणाची काडीही नव्हती.

डबा तसाच राहिला. तिने यंत्र पुन्हा लावलं, मापं पुन्हा घेतली. तेच आकडे आले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी कागद डावीकडून उजवीकडे वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, तुम्ही जमीन बघायला गेला होतात की फर्निचर?"

"साहेब, तेरा घरं. एकमेकांशी न बोलता. दोन सेंटिमीटरच्या वर फरक नाही."

"नदी चढणार आहे?"

"नाही."

"वर धरण आहे? नाला आहे? जमिनीखाली काही?"

"काही नाही. सगळं तपासलं."

"मग लोकांनी पलंगाखाली विटा घातल्या म्हणून मी चौदा घरांचा विमा नाकारू? वरच्यांना काय सांगू, मुंग्या फार झाल्यात?" ते वाईट माणूस नव्हते. आवाज उतरवून म्हणाले, "जे जमिनीत आहे ते लिहा."

तिने लिहिलं. पुराचा धोका: नगण्य.

नवरा शाळेत शास्त्र शिकवायचा. रात्री जेवताना तिने त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मांजर पिल्लं हलवतं, तेव्हा कुठे आपल्याला कारण सांगतं?"

"मांजर सांगत नाही. ही माणसं सांगतात. तेरा घरांची तेरा कारणं, आणि आकडा एक."

त्याने आमटी वाढून घेतली. विषय तिथेच राहिला.

तीन आठवड्यांनी घरमालकांच्या सह्या घ्यायला ती पुन्हा गेली. सह्या टपालानेही आल्या असत्या.

या वेळी गल्ली शांत होती. वायरमनच्या खालच्या खोलीत फक्त फरशी होती आणि चार भिंती. सही घ्यायला तिला पहिल्या मजल्यावर जावं लागलं. रंग द्यायचाय, म्हणून सगळं वर आणलंय, असं वायरमन म्हणाला. रंगाचा डबा कुठे दिसत नव्हता. नर्सबाई वरच्या भाडेकरूंच्या खोलीत त्यांच्याबरोबर राहत होत्या. खाली उकडतं म्हणे. शिंपीणबाईंनी यंत्र वर हलवलं होतं, वर उजेड चांगला. सगळे तिच्याशी नीट बोलले, चहा विचारला. खाली उतरायला मात्र कुणी तिच्यासोबत आलं नाही, जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत सोडून सगळे मागे फिरायचे. त्या पायऱ्यांची उंची तिने मोजली. पुन्हा सगळीकडे एकच आकडा आला, आधीपेक्षा वरचा; तो तिने वहीत लिहिला नाही.

काका होते तिथेच होते.

"बघितलंत? सगळी गल्ली माडीवर गेली. मी एकटा राजा."

"काका, थोडे दिवस शिंपीणबाईंकडे वर राहायला जा ना."

"का बरं?"

तिने तोंड उघडलं. सोळा वर्षं ती लोकांना कारणं देत आली होती. जमिनीचा उतार, मातीचा पोत, पावसाची सरासरी.

"असंच," ती म्हणाली.

काकांनी समोरचा कागद उचलला. तिच्याच हातचा अहवाल. सहीसाठी तिनेच दिलेला. "'नगण्य' म्हणजे नसल्यासारखाच ना हो? मग तुमच्या शब्दावर विश्वास ठेवू की तुमच्या चेहऱ्यावर?"

"मुलीकडे तरी जा आठवडाभर."

"जाईन की. ही सहा घड्याळं द्यायचीत, ती झाली की जातो." त्यांनी सही केली आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. "घाबरलात होय? अहो, लोकांचं काय, एकाने शिंकलं की दुसरा शिंकतो."

घरी परतताना बसमध्ये तिने दोनदा वही उघडली आणि दोनदा मिटली. साहेबांना फोन करावा असं वाटलं. पण करून सांगणार काय?

त्यानंतरच्या शनिवारी तिला सुट्टी होती. सकाळी अकराच्या सुमाराला ती गल्लीच्या वरच्या तोंडाशी बसमधून उतरली. शिंपीणबाईंच्या गच्चीचा फोटो फाइलमध्ये कमी होता. तो काढायचा आणि मग खाली काकांकडे जायचं, आज त्यांना हाताला धरून मुलीच्या शहराच्या गाडीत बसवायचं, असं तिने ठरवलं होतं. आधी फोटो.

घराचं दार उघडं होतं. तळमजला रिकामा. पहिला मजला रिकामा. दुसऱ्यावर शिलाईचं यंत्र कापडाने झाकून ठेवलेलं. जिन्यात कुणाचाच आवाज नव्हता.

गच्चीवर सगळी गल्ली बसली होती.

तेरा घरांची माणसं. गाठोडी, बॅगा, गुंडाळलेल्या गाद्या. नात वायरमनच्या मांडीवर झोपली होती. नर्सबाईंनी पाय पसरले होते. घाबरल्यासारखं कुणीच दिसत नव्हतं. गाडीला उशीर झाला की लोक फलाटावर बसतात, तसे बसले होते.

"आलात?" शिंपीणबाई म्हणाल्या आणि सरकल्या. टाकीजवळ एका माणसापुरती जागा आधीच मोकळी होती.

"फोटो राहिला होता," ती म्हणाली.

"हो, हो," नर्सबाई म्हणाल्या.

ऊन स्वच्छ होतं. पाण्याची टाकी विटांच्या खांबांवर उभी होती. तिच्या बुडाला, सावलीत, उजेडाची जाळी हलत होती. पाण्यावरून उलटून आलेलं ऊन छताला थरथरतं, तशी. टाकीतलं पाणी हलत असेल, असं तिने मनाशी म्हटलं. टाकी काळी होती आणि झाकण बंद होतं.

ती कठड्याशी गेली.

खाली गल्ली कोरडी होती. गटाराचं झाकण दिसत होतं. भिंतीशी कुणाची तरी सायकल.

काका दारात आले. त्यांनी वर पाहिलं, तिला ओळखलं आणि हसले. त्यांचे ओठ हलले.

ऐकू काही आलं नाही.

"काका!" ती ओरडली. "वर या! आत्ताच्या आत्ता!"

त्यांनी कानामागे हात नेला. फार सावकाश. त्यांच्या अंगातला सदरा पोटाशी फुगला होता. पांढरे केस डोक्यावर उभे राहिले, एका बाजूला कलले, पुन्हा उभे राहिले.

वारा अजिबात नव्हता.

ती जिन्याकडे धावली. शिंपीणबाईंनी बसल्या जागेवरून तिचं मनगट धरलं. जोर न लावता, रस्ता ओलांडताना मुलाला धरावं तसं.

"थांबा बाई. अजून उतरलं नाहीये."

"काय उतरलं नाहीये?"

शिंपीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्न कळलाच नव्हता.

खाली काकांनी तिच्या दिशेने एक पाऊल उचललं. उजव्या पायातली चप्पल सुटली. ती जमिनीवर पडली नाही. गुडघ्याशी आली, खांद्याशी आली, त्यांच्या डोक्यावरून वर निघाली. काकांनी त्या चपलेकडे मान वर करून पाहिलं, अजून हसतच.

चप्पल वायरमनच्या छपराच्याही वर आली. तिथे, मोकळ्या उन्हात, ती थांबली आणि पालथी होऊन डुलत राहिली.