खारवणातला गाळ

थंडीचा पहिला कडाका पडला की आमच्याकडे कोबी खारवायला घेतात. आमच्या हेनाम भागातल्या लाल मातीतला कोबी तेव्हा गोड झालेला असतो. मधोमध चिरायचा, पानापानात जाडं मीठ चोळून पिंपात दाबायचा, दुसऱ्या दिवशी धुऊन जाळीवर पालथा घालायचा. पाणी निथळत असताना अंगणभर टपटप चालू असते आणि बायका त्या टपटपीच्या वरताण आवाजात बोलत असतात.

आमचा किमचीचा, या तिखट खारवलेल्या कोबीचा, कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. तो उभा केला माझ्या जाऊबाईंनी, मालसुननी. मी लग्नाआधी ग्वांग्जू शहरात प्रयोगशाळेत नोकरी करायचे, म्हणून खारेपणा मीटरवर मोजायचं काम माझं. जाऊबाई हसायच्या. म्हणायच्या, "ओक्रान, त्या डबीला जीभ आहे का गं?"

त्या डावखुऱ्या होत्या. मसाला भरून झाल्यावर बाहेरचं पान त्या उलट्या बाजूनं गुंडाळायच्या. पिंपात नुसतं डोकावलं तरी त्यांचा कोबी ओळखू यायचा.

या वसंतात ओहोटीला त्या चिखलात तिसऱ्या काढायला गेल्या. धुकं उतरलं, मागोमाग भरती आली. चिखलावर घसरत जायची त्यांची फळी सापडली. त्या सापडल्या नाहीत.

माझा नवरा बोटीवर, परदेशात. घरात मी आणि मोठे दीर, जाऊबाईंचे यजमान, जोंगबे भावोजी. ते तेव्हापासून पेजेवर होते. जाऊबाईंचे अंत्यविधी करू देत नव्हते. "माणूस हाती आल्याशिवाय कसला विधी?" एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

तरी हंगाम आला तसं काम सुरू केलं. शेजारपाजारच्या बायका आल्या. मिरचीपूड, लसूण, मुळ्याचा कीस, खारवलेला जवळा, सगळं जाऊबाईंच्या मापानं घेतलं. पहिली पिंपं भरली. झाकण लावताना मला वरच्या थरात एक कोबी दिसला. पान उलट्या बाजूनं गुंडाळलेलं. त्याच्याखाली आणखी एक.

"डाव्या हातानं कोण भरतंय?" मी विचारलं.

मोकपोवाली फिस्सकन हसली. तिचं माहेर मोकपोचं, म्हणून सगळे तिला तसंच म्हणतात. "माझ्या डाव्या हाताला नाक पुसता येत नाही धड, पानं कुठली गुंडाळणार!"

मग कुणीच हसलं नाही. मी ते कोबी सोडले आणि पुन्हा सरळ गुंडाळले.

पहिला माल गेला. नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. "मला सांगितलंसुद्धा नाहीत! मालसुन परत आल्या ना? पहिल्या घासाला कळलं मला."

नाही आल्या, असं मी म्हटलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी मोजमाप सुरू केलं. मीटर बरोबर दाखवत होता, पण जिभेला चव खारट लागायची. मिठाची नाही, समुद्राची. एक पिंप रिकामं केलं तर तळाशी करडा, मऊ गाळ बसलेला. कोबी मी स्वतः धुतला होता, पाणी विहिरीचं होतं. गाळ बोटांत चोळून पाहिला. ओहोटीला पायाखाली लागतो तोच. त्याला वासही तोच होता.

पिंपं फेकून द्यायचं ठरवलं. त्या दुपारी भावोजी उठून शेडमध्ये आले. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच.

"जरा दे," ते म्हणाले.

"भावोजी, हे बिघडलंय. तुम्हाला दुसरं वाढते."

त्यांनी ऐकलं नाही. पिंपात हात घालून पान फाडलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. चावता चावता त्यांचा चेहरा सैल पडला.

"हात न धुता आलीय," ते हळूच म्हणाले. "घाईत असेल."

त्यानंतर ते नीट जेवू लागले. फक्त तीच किमची, वाडगं भरभरून. अंगावर मांस चढलं. मी फेकायचं म्हटलं की पिंपावर हात ठेवून बसायचे. मोकपोवालीनं यायचं सोडलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, ती त्याला पोसत नाहीये. न्यायला तयार करतेय."

मी तिला रागावले. असलं काही बोलू नकोस म्हटलं.

मग एका सकाळी धुकं पडलं. भावोजींचं अंथरूण रिकामं होतं. मी किनाऱ्यावर धावले. ओहोटी होती. ते चिखलातून लांब गेले होते, गुडघ्यापर्यंत रुतत, पण घाई न करता.

"भावोजी! पाणी फिरलंय, भरती येतेय! मागे या!"

ते थांबले. वळले नाहीत. उंच माणूस बुटक्या माणसाचं बोलणं ऐकायला वाकतो, तसे किंचित वाकले. समोर कुणी नव्हतं.

मग मधे धुकं आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किनारा पोलिसांनी त्यांना आणलं. दीड दिवस पाण्यात काढूनही चेहरा शांत होता. प्रेताची तयारी करणाऱ्या म्हाताऱ्यानं अंग पुसलं, केस विंचरले. आमच्या रीतीप्रमाणे मेलेल्याच्या तोंडात तांदूळ घालायची वेळ आली. विलोच्या लाकडाचा चमचा भिजवलेल्या तांदळात बुडवून त्यानं त्यांचे ओठ सावकाश उघडले.

आणि हात थांबवला.

"वहिनी, इकडे बघता का?"

तोंडात कोबीच्या गाभ्यातलं कोवळं, पिवळं पान. मसाल्याभोवती उलट्या बाजूनं नीट घडी घातलेलं. मिरची लालभडक होती, पाण्यानं जराही धुऊन गेलेली नव्हती.

"काढू?"

मी हो म्हणून मान हलवली.

दातांत अडकलेलं पान त्यानं ओढलं. ते कर्रकन तुटलं, ताज्या कोबीसारखं.