पहिला सेंटीमीटर

"अहो, पाय! आधी पाय उचला!"

तोंडातल्या टाचण्या हातात घेऊन मी इतक्या जोरात ओरडले, की समोरच्या रिकाम्या गॅलरीतून माझाच आवाज मला परत ऐकू आला. फुटबॉलच्या स्टेडियममध्ये, मैदानाभोवतीच्या धावपट्टीवर, आमच्या डाळिंबी साटिनच्या बरोब्बर मधोमध एक उंच गृहस्थ बूट घालून उभा होता. आठ महिने रांगत रांगत शिवलेलं कापड, आणि हा त्यावर उभा राहून ढग बघत होता!

त्यानं खाली पाहिलं. दचकला. पण पळाला नाही. जागच्या जागी एका पायावर उभं राहून त्यानं एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही छातीशी धरून माझ्याकडे बघू लागला.

"आता?"

"आता उडी मारा."

"किती?"

"किती म्हणजे? असेल मीटरभर!"

त्यानं कापडाच्या काठाकडे नीट पाहिलं. "पंच्याण्णव सेंटीमीटर," असं म्हणाला आणि मारली उडी. बरोबर माझ्यासमोर आला. चष्मा नाकावरून घसरलेला, आणि कोटाच्या बाहीचं एक बटण एकाच दोऱ्यावर लोंबकळत होतं. माझा जीव त्या बटणात अडकला. शिवणारीसमोर लोंबतं बटण आणू नये हो कुणी.

"द्या इकडे, दोन टाके घालते," मी म्हणाले.

"नको. मला चालत नाही." त्यानं हात मागे घेतला. "म्हणजे... तुमच्याकडून काहीही घ्यायला मला परवानगी नाही. मी विक्रम मोजायला आलोय."

घ्या! ज्याची आम्ही आठवडाभर वाट पाहत होतो, त्याच्यावरच मी खेकसले होते.

झालं होतं असं. देशातली सगळ्यात मोठी नटी, तिचा आजवरचा सगळ्यात खर्चिक चित्रपट, आणि त्याचा पहिला खेळ शनिवारी याच मैदानावर. बाई येणार जगातल्या सगळ्यात लांब मोटारीतून. त्या मोटारीत म्हणे माशांची टाकी आहे. आणि अंगावर असणार जगातलं सगळ्यात लांब शेपूट असलेला झगा. आधीचा विक्रम होता चारशे बारा मीटर. आमचं शेपूट माझ्या हिशेबानं चारशे तेरा मीटर नव्याण्णव सेंटीमीटर.

हा नव्याण्णवचा आकडा मावशीच्या टेपमुळे. मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी, आमच्या शिवणखान्याची मुख्य. तिच्या जुन्या टेपचं टोक झिजून पहिला सेंटीमीटर कधीच तुटून गेलाय, ती टेप सुरूच होते एकच्या आकड्यापासून. पण ती तिची लकी टेप, दुसरी मावशीला चालत नाही. माप घ्यायचं आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा, हे आमच्याकडे झाडूवालीलाही ठाऊक. तर त्या लकी टेपनं मी अख्खं शेपूट मोजलं होतं, दीड दीड मीटर करत, दोनशे शहात्तर वेळा. चारशे चौदा भरलं, आणि शेवटी शहाण्यासारखा एक वजा केला.

खरं सांगते, मला नटीचं काही पडलं नव्हतं. मला पडलं होतं मावशीचं. चाळीस वर्षं तिनं शिवलेल्या कपड्यांवर दुसऱ्यांची नावं लागली. एका कॉलरच्या आत तिनं स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर भरलं होतं, तर तेही मालकानं उसवायला लावलं. पण विक्रमाच्या कागदावर एक ओळ असते, 'शिवणारी'. ती ओळ मला मावशीसाठी हवी होती.

पुढचे दोन दिवस मी आणि मोजणीसाहेब त्या शेपटाच्या कडेनं चाललो. ब्याण्णव तुकडे, एक्क्याण्णव जोड. प्रत्येक जोड शिवलेलाच आहे, चिकटवलेला नाही, हे त्याला भिंगातून तपासायचं होतं. मी जोड उलटा करून धरायची, तो वाकून बघायचा. चारशे मीटर चालायला इतका वेळ लागू शकतो, आणि तरी तो कमी पडू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

"तुम्ही घरीही असंच सगळं मोजता का?" अठराव्या जोडावर मी विचारलं.

"जिना. सोळा पायऱ्या."

"आणि माणसं?"

"माणसं मोजत नाही." मग भिंगातून डोकं न काढता, "तुम्ही मात्र सकाळपासून सात वेळा हसलात."

"आठ!"

"आठवं खोटं होतं. सकाळी येऊन गेलेल्या आमच्या बॉसच्या विनोदावर."

मला नववं आवरेना. तीसएक जोडांनंतर मी थर्मास काढला. चहाच्या वासानं त्याचे डोळे मिटले, पण मान मात्र नकारार्थी हलली. "नियम."

"एका घोटानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"एका घोटानं नाही कोसळत. पण मग दुसरा घ्यावासा वाटतो..." एवढं बोलून त्यानं भिंग उगाचच कोटाला पुसलं. मी कप तोंडाला लावला, आणि तो चहा मला फार गोड लागला, साखर विसरले असूनही.

एका जोडाशी तो थबकला. "आत एवढं कापड का दुमडलंय? दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटर. एवढं लागत नाही."

"मावशीची शिस्त. ती म्हणते, कपडा शिवताना उद्याचा विचार करून आत कापड राखावं. माणूस काय, कधी फुगतो, कधी वाळतो."

"चारशे मीटरचं शेपूट कसं फुगेल?"

"ते तुम्ही मावशीला विचारा, हिंमत असेल तर!"

त्यानं विचारलं नाही. पण मावशीनं त्याला नीट न्याहाळून घेतलं होतं. संध्याकाळी म्हणाली, "उंच आहे गं, पण अंगानं बारीक. शर्टाला कापड जास्त लागायचं नाही." मी कानावर हात ठेवले. कान गरम झाले होते.

शनिवारी सकाळी तपासणीचं माप होतं, आणि खरं, सहीचं माप संध्याकाळी पाचला, बाईंनी झगा घातल्यावर. वारा सुटला होता म्हणून फुटबॉलच्या टीमलाच कामाला लावलं होतं. खेळाडू मोजे घालून कापडाच्या काठांवर वजनासारखे बसले होते, आणि या मोसमातला सगळ्यात महागडा गोलकीपर हातमोज्यांत शेपटाचं टोक धरून लहान बाळ सांभाळावं तसा उभा होता.

मोजणीसाहेब पोलादी टेप घेऊन फिरला. मग पुन्हा फिरला. मग तिसऱ्यांदा. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"चारशे अकरा मीटर, चोवीस सेंटीमीटर," तो म्हणाला.

"काहीतरीच! मी स्वतः मोजलंय. चारशे चौदा, वजा एक."

"वजा एक कशासाठी?"

मी टेपची गोष्ट सांगितली. सांगता सांगता माझीच जीभ जड होत गेली. दोनशे शहात्तर वेळा टेप लावली होती मी. म्हणजे दोनशे शहात्तर वेळा एक वजा करायला हवा होता. आणि मी बावळट, शेवटी एकदाच...

"शहात्तर सेंटीमीटर कमी," तो हलकेच म्हणाला. "आणि नवं कापड जोडता येणार नाही. ब्याण्णव तुकडे नोंदलेले आहेत."

"चारशे मीटरमध्ये शहात्तर सेंटीमीटर!" माझा आवाज चढला. "कुणाला दिसणार आहे? लिहा ना चारशे बाराच्या पुढचं काहीतरी! दोन दिवस बरोबर चाललात, हसणं मोजलंत... तेवढं एक नाही करता येत?"

गोलकीपरनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"लिहिता येईल," तो म्हणाला. "मग तुम्हीच सांगितलेल्या त्या चाळीस वर्षांनंतर तुमच्या मावशींचं नाव लागेल, आणि तेही खोट्या कागदावर. तुम्हाला चालेल?"

मला रडू फुटलं. राग त्याचा नव्हता, माझाच होता. तो खरं बोलत होता आणि त्याच क्षणी तो मला अतिशय आवडला. असं अवेळी आवडावं का कुणी?

मावशी सगळं ऐकत मागे उभी होती. मला वाटलं, आता वाजतात माझे बारा. ती नुसतं म्हणाली, "माझी टेप आणि माझीच भाची. दोघींचं एकच, सुरुवातीला जरा कमी." बायका हसल्या. आणि त्या हसण्यात मला ते आठवलं... आत राखलेलं कापड!

"साहेब," मी डोळे पुसले, "पाचपर्यंत आम्ही जोड उसवून परत शिवले तर?"

"मी सुचवू शकत नाही."

"सुचवू नका. नियम सांगा."

त्याचा चेहरा उजळला. "सहीच्या मापापर्यंत शिवणारे कितीही वेळा शिवू शकतात. कापड नोंदलेलंच हवं."

प्रत्येक जोडात दोन्हीकडे पाच सेंटीमीटर. एक-एक ठेवायचा, बाकीचं मोकळं करायचं. एका जोडामागे आठ मिळतात. आम्ही चौदा जणी. चौदा जोड!

मावशीनं चष्मा चढवला. "बसा गं पोरींनो. उसवा!"

आम्ही कात्र्या घेऊन ओळीनं बसलो. फक्त टाके तुटण्याचा आवाज, आणि वारा. मोकळ्या झालेल्या कापडावर जुन्या दुमडीच्या रेषा होत्या, त्यांवर मावशी इस्त्री फिरवत होती. मोजणीसाहेब लांब, गोलपोस्टजवळ हात मागे बांधून उभा होता. त्याला सुईत दोरा ओवून द्यायचीही मुभा नव्हती. पण मी मान वर केली की तो माझ्याकडेच बघत असायचा. तीनला माझ्या बोटातून रक्त आलं, आणि तो तिकडून चार पावलं पुढे आला, थांबला, चार पावलं मागे गेला. मी बोट तोंडात घालून शिवत राहिले.

साडेचारला बातमी आली, की जगातली सगळ्यात लांब मोटार स्टेडियमच्या फाटकाच्या वळणात अडकली आहे. पुढेही जाईना, मागेही येईना. नटीबाई चपला हातात घेऊन चालत आल्या आणि आमची अवस्था बघून म्हणाल्या, "मावशी, मी घाई करत नाही हं." त्या दिवसापासून मला त्यांचे सगळे सिनेमे आवडतात.

पाचला पाच मिनिटं कमी असताना मावशीनं शेवटचा दोरा दातानं तोडला.

मोजणीसाहेबानं चौदाही जोड भिंगातून तपासले. मग पोलादी टेप घेऊन तो निघाला. नटीबाई झगा घालून ताठ उभ्या, खेळाडू काठांवर, आणि आम्ही चौदा जणी एकमेकींचे हात धरून. त्याला वळणावर जाताना मी पाहिलं, लांबच्या कडेनं जाताना पाहिलं. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मेला, कामाच्या वेळी दगड होतो अगदी.

"चारशे बारा मीटर," तो मोठ्यानं म्हणाला, आणि थांबला. "छत्तीस सेंटीमीटर. नवा विक्रम!"

स्टेडियम दणाणलं! गोलकीपरनं शेपूट सोडून आभाळाकडे हात नेले आणि लगेच ओशाळून पुन्हा पकडलं. बायका नाचल्या. मावशी मात्र जागची हलली नाही. मोजणीसाहेब तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, मांडीवर कागद ठेवला, पेन उघडलं आणि म्हणाला, "शिवणारीचं पूर्ण नाव सांगा."

मावशीनं सांगितलं. आपलं, आईचं, वडिलांचं, आडनाव माहेरचं आणि सासरचंही. मग आम्हा तेरा जणींची नावं, एकेक करून. ओळ भरली, तो समासात लिहू लागला. समास भरला, तो पाठीमागे लिहू लागला. "चालतं का असं?" मावशीनं विचारलं. "नियमात नावांना मर्यादा नाही," तो म्हणाला. मावशीनं पदरानं डोळे टिपले. तिच्या चाळीस वर्षांचं मला माहीत नाही, पण माझ्या सव्वीस वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

मैदानावर गर्दी जमू लागली, पडदा उजळला. मी राखीव खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळानं तो आला.

"सही झाली," तो म्हणाला. "आता मी तुमचा परीक्षक नाही."

"मग कोण आहात?"

"सध्या... चहा हवा असलेला माणूस."

मी कप भरला. त्यानं दोन्ही हातांत धरून एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि लगेच दुसरा घेतला. मी त्याची बाही ओढली आणि बटणाला टाके घालू लागले. त्याची नाडी माझ्या बोटांखाली धावत होती.

"सकाळी तिसऱ्यांदा कशाला मोजलंत?" मी दोऱ्याला गाठ मारत विचारलं.

"दुसऱ्यांदाच नक्की झालं होतं." तो कपात बघत होता. "आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, माझं माप चुकावं. तुमच्यासाठी. म्हणून... मला तुम्ही फार आवडता. हे सकाळी बोललो असतो, तर लाच झाली असती."

बाकावर त्याचा हात होता, शेजारी माझा, करंगळीला करंगळी टेकलेली. मी खिशातून मावशीची टेप काढली, तिचं झिजलेलं टोक त्याच्या करंगळीच्या कडेला लावलं आणि माझ्या करंगळीपाशी आकडा वाचला.

"एक. अजून एक सेंटीमीटर अंतर आहे, साहेब."

"वजा करा."

"एकदाच?"

त्यानं माझा हात टेपसकट मुठीत घेतला.

"नाही," तो म्हणाला. "दर वेळी."