दिसतं तेवढंच

आजवर तिने शेकडो डोळे तपासले होते, पण असलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं.

"शेवटची ओळ वाचा."

"दिसत नाही."

"अंदाजाने सांगा."

"अंदाज कशाला? दिसतं तेवढंच सांगतो."

चष्म्याच्या दुकानात येणारा जो तो शेवटच्या ओळीपाशी काहीतरी ठोकून देतो. जणू नापासच करणार आहेत! आणि हा बाबा शांतपणे खुर्चीत बसून म्हणतो, दिसत नाही. तिला हसूच आलं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "दिवसभर लोकांना वर पाठवतो, मग संध्याकाळी आपणही जरा वर बघावं," तो म्हणाला. "घरामागच्या अंगणात दुर्बीण आहे माझी. या एकदा."

"छान! येईन की," ती म्हणाली.

आता खरं सांगायचं तर तिला ताऱ्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती सगळ्यालाच छान म्हणायची, ही तिची जुनी खोड. दोनच दिवसांपूर्वी ताईचा फोन आला होता. ताई दूरच्या शहरात, तिथे भावजींनी नवं दुकान घेतलेलं. "तूच ये, सांभाळ, आमच्याकडेच राहा." त्यालाही ही छानच म्हणून बसली होती. जायची इच्छा तसूभरही नव्हती. पण आईच्या मागे ज्या ताईने वाढवलं, तिला नाही कसं म्हणायचं?

तर ती दुर्बीण बघायला गेली. अंगणात मिट्ट काळोख. स्वयंपाकघरातून त्याची आई ओरडत होती, "अरे, अंधारात भाजी चिरतेय मी! बोट गेलं तर तूच बघ!"

"जरा थांब ना आई, दिवा लावू नकोस!"

मग तो दुर्बिणीपाशी उभा राहून बोलतच सुटला. ही दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, किती लांब, तिचा उजेड केव्हाचा निघालेला... शेवटी एकदाचा तिने डोळा लावला. आत नुसतं काळं!

"अहाहा! काय सुंदर!"

त्याने वाकून बघितलं. मग सरळ उभा राहिला.

"कुठे दिसली?"

"ती काय... मधोमध?"

"मी बडबडत बसलो ना, तेवढ्यात ती निघून गेली. पृथ्वी फिरते, दुर्बीण जागची हलत नाही. सारखी थोडी थोडी ढकलावी लागते."

तिचे कान तापले. बरं झालं, अंधार होता. "रागावलात?"

"छे! पण इथे नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणायचं. त्यात कसला कमीपणा? सुरुवातीला मलाही कुठे काय दिसायचं!"

ती पुन्हा गेली. मग पुन्हा. "नाही दिसलं!" असं खुशाल सांगू लागली, आणि सांगताना तिला इतकं मोकळं वाटायचं, की ते ऐकवण्यासाठीच जावंसं वाटे. एका संध्याकाळी तो म्हणाला, "नळीवर हलकेच टिचकी मारा. अंधुक गोष्ट हलली की डोळ्याला पटकन सापडते."

तिने टिचकी मारली. आणि काचेवर कुणी फुंकर मारावी तसा एक धुरकट डाग...

"दिसली! अहो, दिसली!"

तिने त्याची बाही घट्ट धरली होती. तिला ते जरा उशिराच कळलं. त्याला आधीच कळलं होतं, पण तो हलला नाही.

जायचा आठवडा आला, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. "मी ताईकडे चाललेय. कायमची."

तो दुर्बिणीचा स्क्रू उगाचच पिळत राहिला. "छान आहे तिकडे?"

"छान आहे."

"हे खरं, की तोंडदेखलं?"

तिला रागच आला. "आणि तुम्हाला काहीच बोलायचं नाही? दिसतं तेवढं सांगता ना?"

"आधी बघा तरी. आत्ताच लावलीय."

ती वाकली. तो वाट बघत राहिला.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"सरकली का?"

"नाही... डोळ्यांत पाणी आलंय." मग मात्र तिला थांबवेना. "मला जायचं नाहीये. ताईला कसं सांगू कळत नाही, पण नाही जायचं. मला इथेच... तुमच्याजवळ राहायचंय."

त्याने स्क्रू सोडला. मग हळूच म्हणाला, "मला तर त्या शेवटच्या ओळीपासून तुम्ही आवडता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'छान' म्हणाला असतात. मग मला कसं कळलं असतं?"

ती रडता रडता हसली. फोन काढून तिथल्या तिथे ताईला लावला. "ताई, मी येत नाहीये गं." पलीकडून ताई कडाडली, "अगं, मग आधी बोलायचं ना! मी इथे तुझ्या खोलीला पडदे शिवतेय!" आणि लगेच आवाज खाली आणून, "कोण आहे तो?"

फोन ठेवला तोवर दीर्घिका केव्हाच निसटली होती. दुर्बीण ढकलायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.

"अरे, झालं का रे तुमचं?" आतून आईचा आवाज आला. "दिवा लावू का आता?"

"लाव, आई," तो म्हणाला. "मला हिला नीट बघायचंय."