पेटी जरा हळू वाजते

सत्यमच्या मुलीचं बारसं झालं, त्या सालची ही गोष्ट. म्हणजे दोन हजार तेवीस. सत्यम माझा थोरला नातू. पुण्याला नोकरी लागली तेव्हा त्यानं आपला कॉम्प्युटर धाकट्या बहिणीला, तनुजाला दिला होता. बारशाची पत्रिका तिनं त्याच्यावरच केली आणि त्याच वेळी तो पहिल्यांदा अडून बसला. पाळण्याचं चित्र पडद्यावर येता येईना. तनुजा वैतागून म्हणाली, "हे चित्र येईपर्यंत पोरगी पाळण्यातून उतरून रांगायला लागेल."

तनुजा पत्रिका करायची. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, जावळाच्या. तिचे आईवडील वैजापूरला दुकान बघायचे, त्यामुळं सिडकोतल्या घरात आम्ही तिघंच होतो. ती, मी आणि तिचे आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणायचे. मी नुसतं 'अहो' म्हणायची. आबांनी सारा जन्म शेती केलेली. नांगर सुटला, पण खंडेनवमीची पूजा सुटली नाही. स्कूटर, मिक्सर, तनुजाचा कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि मूठमूठ अक्षता. हात सढळ होता त्यांचा.

तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई उघडली आणि कॉम्प्युटरनं अंगच टाकलं. शेवटी एका दुपारी तनुजानं तो डबा गोधडीत गुंडाळला, मला सोबत घेतलं, आणि रिक्षानं आम्ही औरंगपुऱ्यात उतरलो. दुकानदार जेवायला गेलेला. आम्ही पायरीवर उभ्या राहिलो, तेवढ्यात कार्तिकात नको असलेला पाऊस आला. बारीक, तिरपा…

तनुजानं गोधडी छातीशी धरली. आणि एकदम गोधडीवरचे थेंब थांबले. शेजारी एक मुलगा उभा होता. त्यानं आपली छत्री गोधडीवर धरली होती आणि स्वतः निम्मा भिजत होता.

"पेटी भिजली तर सूर जातात," तो म्हणाला.

तनुजानं त्याच्याकडं बघितलं. "पेटी?"

"हार्मोनियमच ना? कुठल्या भजनी मंडळाची?"

"व्हय," तनुजा अगदी गंभीर तोंडानं म्हणाली. "पण पेटी जरा हळू वाजते. आज बटण दाबलं, की उद्या सूर निघतो."

तो हसला… मग त्याला गोधडीखालून लोंबणारी वायर दिसली, आणि त्याचे कान लाल झाले. मी पदर तोंडाला लावला.

अभय त्याचं नाव. राहायला छावणीत, एका कॉलेजात अकरावी-बारावीच्या पोरांना शिकवायचा. बहिणीचं, मेघाचं लग्न ठरलं होतं, म्हणून पत्रिका बघत हिंडत होता. दुकानदार आला, त्यानं गोधडी न सोडताच नवा घ्या म्हणून सांगितलं. तनुजाचा चेहरा उतरला. सराईची कामं तिनं घेऊन ठेवली होती.

"पत्रिका मी करते," ती अभयला म्हणाली. "पण पेटीच बंद आहे."

"पेटी मी बघतो," तो म्हणाला. "मला येतं असं नाही… पण बघतो."

रविवारी तो आला. सत्यमचे जुने सिनेमे, खेळ, कसले कसले फोटो, सगळं बघून म्हणाला, मेमरी भरलीय. मी म्हणाले, आठवणी भरल्या की माणूसही हळूच चालतं, बाबा. त्यानं विचारून विचारून एकेक काढून टाकलं. कॉम्प्युटर पळायला लागला. तो गेला, तनुजा कामाला बसली, आणि घडीभरात पुन्हा रडगाणं.

पुढच्या रविवारी तो परत आला. या वेळी आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद केले. त्याच्या पुढच्या वेळी कुठला व्हायरस शोधला. दर वेळी यंत्र थोडा वेळ धावायचं आणि मग बसायचं. दर वेळी तनुजा चहात आलं जास्त घालायची, आणि दर वेळी अभय तो चहा थंड होईपर्यंत तसाच धरून बसायचा.

"एक कळत नाही," एकदा तनुजा म्हणाली. "हळू कॉम्प्युटर आहे, की दुरुस्त करणारा?"

"घाई केली तर बिघडतं."

"काय बिघडतं?"

त्यानं चहाच्या कपात बघितलं. "कॉम्प्युटर…"

त्याच रविवारी मेघाची पत्रिका लावायला घेतली. तनुजाच्या सगळ्या नमुन्यांवर माथ्याला गणपती असायचा. अभय म्हणाला, गणपती नको. वर बुद्ध आणि खाली बाबासाहेब. तनुजानं पडद्यावरचा गणपती काढला आणि म्हणाली, "बुद्धांचा फोटो शांत हवा की हसरा?" तो म्हणाला, "दोन्ही एकाच फोटोत असतंय." ती तसा फोटो शोधत बसली. कोपऱ्यात आबा पेपर वाचत होते. त्यांचं पान बराच वेळ उलटलं नाही.

मग तो दिवस आला. अभयनं सहज कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला, आणि म्हणाला, हा तर तापलाय. तनुजानंही हात ठेवला. त्याच्या हाताशेजारी, मध्ये बोटभर जागा सोडून.

"तापलाय ना?" त्यानं विचारलं.

"लई."

दोघांपैकी कुणीच हात काढला नाही. मी भाजी निवडत होते. म्हटलं, "कोण गं?"

झटक्यात दोन्ही हात निघाले. अभयनं डबा उघडायला घेतला. आतला पंखा धुळीनं आणि कशाकशानं गच्च अडकला होता. त्यानं फुंकून पाहिलं, काही हलेना. आबांना यंत्र उघडलेलं दिसलं की राहवायचं नाही. ते उठले, सायकलचा पंप घेऊन आले. म्हणाले, "नळी तू धर पोरा, दांडा मी मारतो." अभयनं नळीचं तोंड पंख्याखाली धरलं, तनुजा बॅटरी धरून वाकली, आणि आबांनी शेतकऱ्याच्या हातानं दणकून दांडा मारला.

आतून जो फवारा उडाला… धूळ, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आणि हळदकुंकवात रंगलेली ज्वारी. लाल, पिवळी. वर उडाली आणि खाली वाकलेल्या त्या दोघांच्या डोक्यावर बरसली. आबांना कळेना, ते आपले दांडा मारतच होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, अक्षता पडल्या की."

बोलले आणि जीभ चावली. पंप थांबला. तनुजाच्या केसात ज्वारी, अभयच्या भुवईत ज्वारी, आणि दोघं एकमेकांकडं असं बघत होते, की आता मंगलाष्टकंच तेवढी राहिली होती. शेवटी अभयच खाली बघत म्हणाला, "पंख्यात दाणे अडकले होते. हवा लागेना म्हणून तापायचा. आणि तापला की जळू नये म्हणून आपणच हळू चालतो."

"शहाणाय," आबा म्हणाले. "आमच्यात तापलं की जोरात बोलतात."

खंडेनवमीचं कुणी काढलं नाही. आबाच पंप ठेवायला लगबगीनं बाहेर गेले.

त्यानंतर कॉम्प्युटर असा पळायला लागला, की मेघाची पत्रिका एका बैठकीत झाली. लग्नाला तनुजा आणि मी छावणीत गेलो. बुद्धवंदना झाली, आणि नवरानवरीवर सगळ्यांनी फुलं टाकली. आबा आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले.

आता अभयला घरी यायला कारणच उरलं नव्हतं. रविवार यायचा आणि तसाच जायचा. यंत्र पळत होतं आणि पोरगी थांबली होती. पडद्यापुढं बसायची, कुणाच्या तरी पत्रिकेत 'चि. सौ. कां.' लिहायची आणि पुढचं नाव लिहायला विसरायची. मग एक दिवस तिनं फोन लावला. "पेटी पुन्हा हळू झालीय," एवढंच म्हणाली.

तो घाईघाईनं आला. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. कॉम्प्युटर सुरू केला… लगेच लागला. चित्र उघडलं… लगेच उघडलं. मी पडद्याआड, स्वयंपाकघरात होते. ऐकायला कमी येतं असं मी फक्त पाहुण्यांना सांगते.

"हा तर नीट चाललाय," अभय म्हणाला.

"हो."

"मग हळू काय झालंय?"

"मी," तनुजा म्हणाली. "बोलायला."

खिसा चाचपल्याचा आवाज आला. मी पडदा जरासा सारला. अभयनं पाकिटातून कागदाची पुडी काढली. आत ज्वारीचा एक दाणा होता, कुंकू लागलेला. "त्या दिवशी घरी जाऊन आरशात बघितलं, तर भुवईत होता," तो म्हणाला. "टाकवेना…"

तनुजा हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मी भांडं मुद्दाम वाजवलं आणि चहा टाकला.

तिचे आईवडील म्हणाले, आबा म्हणतील ते. आणि आबा काहीच म्हणेनात. नातीच्या लग्नात स्वतःच्या हातानं अक्षता टाकायच्या, एवढी एकच इच्छा ते वर्षानुवर्षं बोलून दाखवायचे. तनुजानं त्यांना स्पष्ट सांगितलं, की तुमचा नकार असला तर पळून जाणार नाही, पण दुसऱ्या कुणाशी लग्नही करणार नाही. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं कमी केलं. ती वाढायची, ते जेवायचे.

अभयचे वडील, बुद्धभूषण, घरी आले. सरळ माणूस. म्हणाले, मुलगी आमच्या घरात मुलीसारखी राहील, पण लग्न आमच्या रीतीनं, वंदनेनं आणि फुलांनी होईल. अक्षता आम्ही टाकत नाही, ते आमच्या वडिलांनी सोडलं ते विचार करून सोडलं. आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "बिनअक्षतांचं लगीन गावाला काय सांगू?"

मला ठाऊक होतं, अक्षता हे निमित्त. गाव काय म्हणेल, भावकी काय म्हणेल, ते खरं दुखणं. पण माणूस जे निमित्त पुढं करतो, तेवढंच त्याच्या हातातून सोडवून घेता येतं. पाहुण्यांसमोर मी कधी त्यांच्या बोलण्यात पडले नव्हते. त्या दिवशी पडले.

"अहो, बिनअक्षतांचं कसं?" मी म्हणाले. "अक्षता तर तुम्हीच टाकल्या. त्या दिवशी पंपाचा दांडा कुणाच्या हातात होता?"

आबांनी वर बघितलं.

"दर खंडेनवमीला मूठमूठ साठवलीत, आणि सगळी एकदम दोघांच्या डोक्यावर उधळलीत. माझ्या डोळ्यांसमोर. तिचा आजा नवरीवर अक्षता टाकणार होता, टाकून झाल्या. आता राहिलीत ती फुलं."

बुद्धभूषण भाऊंना काय चाललंय ते कळेना. अभय खाली मान घालून हसू दाबत होता. आबांचा चेहरा आधी कडक राहिला, मग मिशी हलली, मग खांदे. इतक्या दिवसांनी हसले ते, खोकला येईपर्यंत.

"गावाला असंच सांगू म्हणतेस?"

"असंच सांगा. पंपासकट सांगा."

त्यांनी पाणी मागितलं. मला नाही, तनुजाला. तिनं तांब्या दिला, तेव्हा तिचा हात धरून म्हणाले, "फुलं चांगली आण गं. शिळी नको."

बुद्धपौर्णिमेला छावणीत लग्न झालं. पत्रिका तनुजानं स्वतःच केली. मला अक्षरं उशिरा आली, ती तिनंच शिकवली, म्हणून पत्रिका सगळ्यांत आधी माझ्या हातात दिली. वर बुद्ध होते, शांतही आणि हसरेही. भावकीतले काही आले, काही आले नाहीत. आबा पुढच्या रांगेत बसले, उपरण्यात गुलाबाच्या पाकळ्या घेऊन. वंदना झाली, सगळ्यांनी चिमूटचिमूट टाकल्या, आबांनी ओंजळीनं. अभयच्या भुवईत एक पाकळी अडकली. या वेळी तनुजानं ती सगळ्यांसमोर काढली.

त्या सालच्या खंडेनवमीला कॉम्प्युटर छावणीत होता. आबा पूजेला रिक्षानं तिकडं गेले. नातजावयाला विचारून, डब्यापासून हातभर लांब उभं राहून त्यांनी त्याच्यावर झेंडूचं एक अख्खं फूल ठेवलं, आणि एखादी पाकळी आत पडली नाही ना, ते वाकून बघितलं.

तनुजाचे आजोबा, सगळ्यांचे आबा, माझे मालक पुंजाराम, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पंधरा जानेवारी दोन हजार पंचवीसला पहाटे वारले.