गौतमीचे दोन वाढदिवस

दार उघडलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेनं भरलेले होते, आणि उंबऱ्यापलीकडे एक अनोळखी तरुण प्लास्टिकचं ढोलकं घेऊन उभा होता. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याचे केस कपाळाला चिकटले होते, पण ढोलकं मात्र त्यानं शर्टाच्या आत धरून कोरडं ठेवलं होतं.

"वाढदिवस हितंच हाय ना?"

"हितंच हाय. पर आज न्हाई."

"आज न्हाई? मग आत एवढी मानसं कामून बसल्यात?"

प्रश्न रास्त होता. आत सतरा माणसं बसली होती, चुलीवर कशाचाच पत्ता नव्हता आणि माझ्या डोक्यात सकाळपासून भणभण सुरू होती.

झालं होतं असं. गौतमी म्हणजे माझ्या नरसिंगदादाची पहिली लेक. ती जन्मली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आईच्या हिशेबात तिचा वाढदिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मग पोळा कधीही येवो. दादा भालकीला मास्तर. त्याच्या हिशेबात वाढदिवस चौदा सप्टेंबर. त्या साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तरला, पोळा दहाबारा दिवस आधीच येऊन बसला. दादानं चौदा तारखेची पत्रं लिहिली. आईला वाचता येत नव्हतं, तिनं आठवड्याच्या बाजारात भेटेल त्याला तोंडी सांगून टाकलं. एकमेकांना विचारायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

"मला तर दोन्ही निमंत्रणं हायत," तो म्हणाला. "पत्र मास्तरांचं, आन् बाजारात तुमच्या आईनं सांगितलं ते येगळं. म्हटलं... एकावर इस्वास ठिवून दुसरं चुकाया नको."

"म्हंजे दोन येळा येनार?"

"येऊ नको म्हनलाव तर न्हाई येनार."

मी ये असंही म्हटलं नाही आणि नको असंही नाही. तो ते बरोबर समजला आणि हसला. मला त्याच्या हसण्याचा राग आला, आणि राग आला म्हणून मी त्याच्या ढोलक्याला कणकेचा हात लावला.

त्याचं नाव तुळशीराम. भालकीला वीज खात्यात लाइनमन होता, आमच्या गावची लाइन नुकतीच त्याच्याकडे आली होती, आणि तो दादाच्या शाळेजवळ खोली घेऊन राहायचा. चौदा तारखेला बुद्धवंदना म्हणायला दादानं त्यालाच बोलावलं होतं, कारण आमच्या गावात अजून सगळी वंदना कुणालाच नीट पाठ नव्हती.

त्या दिवशी आईनं कसाबसा गुळाचा शिरा केला आणि सतरा माणसांची तोंडं गोड केली. तुळशीराम गौतमीपुढे ढोलकं वाजवत होता. ती त्याचं नाक ओढत होती. मी ताटल्या देताना त्याला दोनदा शिरा वाढला, आणि दुसऱ्यांदा वाढताना वर बघितलं तर समोर गुंडेमामा बसला होता.

गुंडेमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. निर्ण्याला त्याची शेती. मी पाळण्यात होते तेव्हापासून ठरलेलं, विमल गुंड्याची. आमच्याकडे मामाला भाची देण्यात काही नवल नाही. मामा माणूस म्हणून सोन्यासारखा. हीच तर माझी अडचण होती, त्याच्यात नाव ठेवायला काही नव्हतं. जाताना तो आईला म्हणाला, "अक्का, चौदा तारखंला परत येतो. येताना विमलला साडी आनतो. तवाच ठरवून टाकू."

आई खूश झाली. माझ्या हातातली ताटली खाली पडली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. एरवी आमच्या गावात दिवसाआड लाइट जायची. पण मेली त्या दिवसांत एकदासुद्धा गेली नाही! संध्याकाळ झाली की मी बल्बकडे बघत बसायची. वहिनी म्हणाली, "बल्बाला काय लागलंय का, सारखं वर कामून बघायलीस?" मी म्हटलं, मान दुखतेय. ती गालात हसली. रात्री झोप नाही, दिवसा कामात लक्ष नाही. एकदा गौतमीच्या दुधात साखरेऐवजी मीठ टाकलं. त्या लेकरानं ते माझ्यावरच फुर्र करून उडवलं.

सातव्या दिवशी भर दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. वर बघते तर आमच्या दारासमोरच्या खांबावर तुळशीराम! कमरेला चामडी पट्टा, हातात पक्कड.

"लाइट तर चालू हाय," मी खालून म्हटलं.

"तार तपासायलोय."

"तार तिकडं हाय. तुमी बघायलाव हिकडं."

"हिकडनंबी करंट लागायलाय."

मी ओलं लुगडं तोंडापुढे धरलं. हसू आवरेना, आणि हसू येतंय याचीच भीती वाटली. सात दिवस पोटात दाबून ठेवलेलं एकदम वर आलं.

"चौदा तारखंला मामा येनार हाय," मी म्हटलं. "साडी घिऊन. माझ्यासाठी..."

त्याच्या हातातली पक्कड निसटून चिखलात पडली. तो खाली उतरला. मी पक्कड उचलून, पदरानं पुसून त्याला दिली. आमची बोटं लागली... क्षणभरच. आणि तो पक्कड पट्ट्यात खोचून, सायकलवर टांग टाकून निघून गेला. मला त्याचा इतका संताप आला, की मी धुतलेले कपडे परत धुतले.

चौदा तारीख उजाडली. वहिनीनं गूळ घालून गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर केली, दादानं दारावर रंगीत पताका लावल्या. शेजारच्या मल्लम्मा अक्कानं गौतमीला नवं झबलं आणलं. मामा बसनं आला, काखेत कागदात गुंडाळलेली साडी. तुळशीरामही आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. येणारच होता तर एवढं तोंड पाडून कशाला आला, असं मला झालं.

बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लागली. गौतमी दादाच्या मांडीवर. तुळशीराम पुढे बसून एकेक शील सांगू लागला, आम्ही मागून म्हणू लागलो. लहानपणापासून मी ते पोपटासारखं म्हणत आले होते. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. सगळे म्हणाले. मी अर्ध्यावरच थांबले. माझ्या लक्षात आलं, ते सांगताना समोर तोही अडखळला होता.

वंदना संपली. कुणी उठायच्या आत मामानं साडी पुढे केली. मोरपंखी रंगाची, सुंदर. "घे, विमल."

सगळे हसत बघत होते. मी हात पुढे केला नाही.

"मामा," मी म्हटलं, "आत्ता सगळ्यांनी म्हटलं, खोटं बोलनार न्हाई. मग मी ही साडी कशी घिऊ? तुमी मला खांद्यावर बसवून जत्रंला नेलाव. माझ्यासाठी तुमी मामाच हाव... दुसरं काई न्हाई."

"विमल!" आई ओरडली.

"थांब, अक्का." मामाचा आवाज हळू होता. "मनात दुसरं कुनी हाय का?"

"हाय." माझे डोळे भरून आले. "पर त्याच्या मनात काय हाय, ते मला ठाव न्हाई."

मग मूर्तीपुढून तुळशीराम उठला. त्याचे हात अजून जोडलेलेच होते.

"मास्तर," तो दादाला म्हणाला, "आज वंदना म्हनाया आलो असं तुमाला सांगितलं, ते खोटं हाय. मी विमलसाठी आलो."

आईनं पदर तोंडाला लावला. मला रडू की हसू कळेना, आणि मी दोन्ही केलं.

मामानं साडीची घडी नीट केली. मग त्यानं ती माझ्या मांडीवर ठेवली. "घे. मामाकडनं भाचीला म्हनून घे," एवढंच म्हणाला आणि चपला पायात घालून निघाला.

हुग्गी अजून पातेल्यातच होती. मी साडी घेऊन त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावले.

"मामा, जेवून तरी जावा ओ!"

तो थांबला, पण वळला नाही. पाठमोऱ्यानंच त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"आज न्हाई, पोरी," तो म्हणाला. "तुझ्या लग्नात जेवीन."