घाई नाही, मी इथेच आहे

टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते. ऑफिसात दुसरं कुणी माणूस दिसेना, तेव्हा तिने त्या पायांशीच भांडायला सुरुवात केली.

"स्वस्तात परदेशी फोन म्हणे! आधी तुमचा इथला अ‍ॅक्सेस नंबर फिरवा, मग कार्डावरचे आठ आकडे दाबा, मग मावशीचा नंबर दाबा... आणि मधे जरा कुठे बोट अडलं, की तुमची ती टेपवरची बाई म्हणते, 'आपला क्रमांक चुकीचा आहे,' आणि फोन बंद! काल माझ्या आईने सात वेळा प्रयत्न केला. सात वेळा! आठव्या वेळी कार्ड कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी ते काढून, पुसून आणलंय. हे बघा... म्हणजे आधी बाहेर या, मग बघा!"

पाय जरासे हलले.

"पाच सेकंद," आतून आवाज आला.

"पाच कशाला? मी तासभर थांबते. आज सोडत नाही तुम्हाला!"

"तसं नाही हो... यंत्राचं म्हणतोय. एका आकड्यानंतर पुढच्या आकड्यासाठी ते पाचच सेकंद थांबतं. मग फोन ठेवून देतं."

पायांच्या मागोमाग माणूस बाहेर आला. केसांत धूळ, खांद्यावर वायरीचं वेटोळं, आणि नाकावर चष्मा — तोही असा तिरका, की एक काच भुवईवर आणि दुसरी गालावर. हा तिथला इंजिनिअर. एक मालक, काउंटरवर फोनची कार्डं विकणारी एक मुलगी आणि हा, एवढ्या तिघांवर ती कंपनी चालायची. ऑफिसात त्याला सगळे 'मौनी' म्हणत. चहा घेणार का, असं विचारलं तरी हा आधी विचार करायचा, आणि उत्तर येईपर्यंत चहा निवायचा.

तिचं अगदी उलट. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर खुर्चीत बसलेल्या आजी-आजोबांना सांगायचं, "आता वाचा बरं... घाई नाही... हे नीट दिसतं, की आधीचं?" सगळी सबुरी तिथेच खर्च व्हायची. दुकानाबाहेर पाऊल पडलं, की तोंडाचा पट्टा सुरू.

पण त्या तिरक्या चष्म्यासमोर तिचा आवाज जरा खाली आला.

"आईचा हात थरथरतो. फोन मीच लावून देते तिला. पण मग मी तिथेच असते ना... आणि तिला मावशीशी एकटीने बोलायचंय. काल म्हणाली, 'सख्ख्या बहिणीशी बोलायलासुद्धा मला आता मुलीची परवानगी लागते.' कानाला खडा लावलाय तिने. पुन्हा फोनला हात लावणार नाही म्हणते."

तो खांद्यावरचं वायरीचं वेटोळं उतरवून ठेवू लागला. ती वाट बघत राहिली. तिच्या मानाने पुष्कळच.

"अहो, मग वेळ वाढवा की!"

"वाढवता येईल," तो म्हणाला. "पण तेवढ्याने भागायचं नाही. लोक त्या बाईलाच घाबरतात. ती... रागावल्यासारखी बोलते."

"मग दुसरी बाई आणा!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आली की," तो म्हणाला, आणि स्वतःच्या धीटपणाने कानापर्यंत लाल झाला.

मग तिने आपल्याला जे येतं तेच केलं. सरळ हात पुढे करून त्याचा चष्मा काढला, काड्या बोटांनी हलकेच वाकवल्या, काचा पुसल्या आणि परत त्याच्या नाकावर ठेवला.

"आता कसं दिसतंय?"

"बरं दिसतंय."

"आणि आधी?"

"आधी दोन-दोन दिसत होत्या," तो म्हणाला. "भांडायला एकच पुरे आहे."

दुसऱ्या दिवसापासून दुकान सुटलं की ती त्याच्या ऑफिसात जाऊ लागली. आवाज भरायची खोली म्हणजे फायलींचं रिकामं केलेलं कपाट. भिंतींना जुन्या रजया टांगलेल्या, आत दोन स्टुलं, आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा लागायच्या. गुडघ्याला गुडघा लागायचा... दोघंही "सॉरी" म्हणायची आणि गुडघे मात्र होते तिथेच राहायचे.

"'कृपया आपला गुप्त क्रमांक प्रविष्ट करा,'" तिने त्याच्या हातातला कागद वाचला. "प्रविष्ट? माझी आई आयुष्यात काही प्रविष्ट करणार नाही. ती दाबेल."

"मग तसं म्हणा."

"'आता कार्डावरचे आठ आकडे एकेक करून दाबा. मग शेवटच्या ओळीत उजवीकडे जाळीसारखी खूण आहे, ती दाबा. चुकलं तर डावीकडची चांदणी दाबा, शेवटचा आकडा पुसला जाईल. बाकीचे तसेच राहतील.' चालेल?"

"चालेल. पण चांदणी दाबून आकडा पुसायची सोय यंत्रात नाही."

"नाही?"

"उद्यापर्यंत होईल," तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी खरंच झाली होती. डोळे तेवढे तारवटलेले होते बिचाऱ्याचे.

चौथ्या संध्याकाळी त्याने विचारलं, "आणि त्यांनी काहीच दाबलं नाही तर? पंधरा सेकंद नुसतीच शांतता... तेव्हा काय म्हणायचं?"

"काय म्हणू?"

"आई समोर असती तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

तिने डोळे मिटले. मग अगदी हळू म्हणाली, "घाई नाही. मी इथेच आहे. आकडा नीट दिसला की मग दाबा."

रेकॉर्डिंगचं मशीन बंद करायचं तो विसरला.

"चांगलं नाही आलं का?" तिने विचारलं.

"आलं."

"मग परत म्हणू?"

"हो."

"चांगलं आलं तर परत कशाला?"

"...असंच," मौनी म्हणाला. तिने परत म्हटलं. मग आणखी एकदा म्हटलं. त्या दिवशी घरी जाताना तिला स्वतःचाच आवाज भारी आवडायला लागला होता, आणि त्यामागचं कारण न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

मालकांना मात्र हे काही पटेना. "एकेका आजीसाठी अर्धा अर्धा मिनिट लाइन अडवून ठेवायची? तीसच लाइनी आहेत आपल्याकडे!"

"त्यांचे फोन लागतच नाहीत, म्हणून तर त्या दुसरं कार्ड घेत नाहीत," मौनी म्हणाला. "लागले तर घेतील. शेजारणीलाही सांगतील."

मौनीने न विचारता एवढं बोलावं, याचाच मालकांना मोठा धक्का. "बरं बाबा, रविवारी एक दिवस चालवून बघू. फोन लागले तर ठेवू. नाही लागले, तर सोमवारी जुनी बाई परत."

रविवारी दुपारी तिने मावशीचा नंबर एका कागदावर लिहून फोनशेजारी लावला. डोळे तपासायच्या तक्त्यावर सगळ्यात वरचं अक्षर असतं, तेवढे मोठे आकडे.

"मी हात लावणार नाही, सांगून ठेवते," आई म्हणाली.

"नको लावूस. मी ऑफिसात चाललेय. संध्याकाळपर्यंत घर तुझं."

"नक्की जाणार? दाराआड उभी राहायची नाहीस?"

"नाही गं."

"आणि तो तुझा मुका असणारच तिथे."

"माझा कुठला? आणि तो मुका नाही, विचार करून बोलतो."

"हं," आई म्हणाली. त्या एका 'हं'मध्ये आईला जे जे म्हणायचं होतं ते सगळं तिला ऐकू आलं. चपला घालून ती पळालीच.

ऑफिसात पडद्यावर तीस चौकोन होते. लाइन लागली, की चौकोन हिरवा. कोण काय बोलतंय ते ऐकू यायचं नाही. फक्त दाबलेले आकडे दिसायचे. ती आली तेव्हा दोनच चौकोन हिरवे होते. तीन वाजता नऊ. मालक खुर्ची ओढून मागे येऊन बसले. सव्वातीनला एकविसाव्या चौकोनात कार्डाचा पहिला आकडा आला. मग दुसरा. मग तिसरा.

"आई!" ती ओरडली. आठही आकडे तिला पाठ होते.

चौथा आकडा आला, तो चुकीचा. तिने कपाळावर हात मारला. इतक्यात चांदणी आली, आकडा पुसला गेला आणि बरोबरचा आला. पाचवा... सहावा... सातवा... आठवा... जाळी! मग मावशीच्या नंबराला सुरुवात झाली. एकेक आकडा येत होता आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. अकरापैकी दहा आकडे झाले, आणि आई थांबली.

सहा सेकंद. जुनं यंत्र असतं तर आत्तापर्यंत ठेवूनसुद्धा दिलं असतं. दहा सेकंद. बारा.

"हात थकला असणार," ती उठली. "मी जाते. धावत गेले तर पाच मिनिटांत—"

त्याने तिचा हात धरला. "थांब."

"अहो, पण ती एकटी..."

"एकटी नाही. आता तुझा आवाज येईल तिला. थांब ना."

पंधरा सेकंद झाले. घरी आईच्या कानात तिचाच आवाज बोलत असणार, घाई नाही म्हणून. इथे मात्र ती पडद्याला डोळे लावून उभी होती. आणि तेवढ्यातही तिच्या लक्षात आलं, की हा आज आपल्याला 'तू' म्हणाला.

अठरा. एकोणीस. वीस.

अकरावा आकडा आला. जाळी आली. एकविसावा चौकोन पिवळा झाला, म्हणजे तिकडे घंटा वाजत होती. आणि मग तो हिरवा झाला.

"लागला!" मालकच आधी ओरडले. ती टेबल बडवत होती, हसत होती, डोळे पुसत होती, सगळं एकदमच. हे सगळं एकाच हाताने, कारण दुसरा त्याच्या हातात होता आणि सोडायची आठवण दोघांनाही राहिली नव्हती. मालकांना ते दिसलं. त्यांना एकाएकी बाहेर काहीतरी काम आठवलं.

चौकोन हिरवे होत गेले. बारा. सोळा. वीस. एकविसावा काही बंद व्हायचं नाव घेईना.

"जमलं तुला," ती म्हणाली.

"आपल्याला," तो म्हणाला. मग काहीतरी सांगायला तोंड उघडलं... आणि मिटलं. परत उघडलं... परत मिटलं.

तिने थोडी वाट पाहिली. पण सबुरीलाही काही मर्यादा असते, आणि आज दुकानाला सुट्टी होती.

"ऐक, तू मूग गिळून बसणार, आणि माझे केस पिकायचे. तेव्हा मीच विचारते. माझ्याशी ल—"

"हो!" मौनी म्हणाला.

"अरे, पुरतं विचारू तरी दे!"

"नको. चार दिवस हेच उत्तर घेऊन हिंडतोय. फक्त प्रश्न कुठून सुरू करायचा ते कळत नव्हतं."

तिला इतकं हसू आलं, की शेवटी त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं लागलं. चष्मा परत तिरका झाला. या वेळी तिने तो तसाच राहू दिला.

मालक परत आले तेव्हा तिसांपैकी अठ्ठावीस चौकोन हिरवे होते. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "जुन्या बाईला सुट्टी द्या. कायमची." मग या दोघांकडे पाहून म्हणाले, "आणि तुम्हीही आता घरी जा. मी बघतो इथलं."

दोघं घरी पोचली तरी आईचा फोन चालूच होता. आई आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत ऐसपैस बसली होती, पाय स्टुलावर, रिसीव्हर मानेत धरलेला. त्यांना पाहताच तिने हात वर करून दारातच थांबवलं.

"आली गं दोघं... नाही, अजून काही सांगितलं नाही. पण तोंडं बघायला हवी होतीस यांची... थांब, विचारते." तिने रिसीव्हरवर तळहात ठेवला. "काय गं, विचारलं का याने एकदाचं?"

"आई! तू मावशीला हे सांगत होतीस?"

"मग काय हवापाणी सांगू? आठवडा झाला मला तिच्याशी हे बोलायचंय. तू बाजूला बसलेली असताना कशी बोलणार? विचारलं का त्याने?"

"नाही," ती म्हणाली. "मी विचारलं."

आईची नजर त्याच्याकडे वळली. "आणि तू? विचार करून सांगतो म्हणालास की काय?"

"नाही," तो म्हणाला. "तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच हो म्हणालो."

आईने तळहात काढला. हात थरथरत होता, पण आवाज खणखणीत होता. "ऐकलंस का? आपल्या पोरीनेच विचारलं! हो, आणि तो हो म्हणाला!... अगं, रडतेस काय वेडाबाई, मी इथेच आहे, सावकाश रड." मग तिने मान वळवली. "आणि तुम्ही दोघं काय ऐकत उभे राहिलात? जावईबापू, चहा टाका. आणि दार ओढून घ्या. आम्हा बहिणींचं अजून बरंच बोलायचं राहिलंय."

दोघांनी मुकाट्याने दार ओढून घेतलं. आत आई मोठमोठ्याने हसत होती, आणि ती कशाला हसतेय, हे विचारायची काही तिच्या मुलीची हिंमत झाली नाही.