नौफलची दारं

ट्युनिसजवळच्या ला मार्साच्या किनाऱ्यावरचा तो कॅफे शनिवारी सकाळी गच्च भरलेला असायचा. सिरीनला एकच खुर्ची रिकामी दिसली, तीही एका अनोळखी तरुणाच्या टेबलाशी. त्याने मान वर न करताच खुर्चीवरची बॅग उचलून जागा केली आणि पुन्हा लॅपटॉपशी भांडायला लागला.

"धनावर नाग बसतो म्हणतात... इथे तर फोल्डरवर बसलाय!" तो पुटपुटला.

तेवढ्यात सिरीनचा फोन वाजला. ऑफिसच्या सामायिक फोल्डरात शिरायची कुणीतरी परवानगी मागितली होती. नौफल मर्झूक. सोमवारपासून येणारा नवा माणूस. तिने फोनवरचा छोटा फोटो पाहिला, मग समोर पाहिलं. तेच विस्कटलेले केस, तीच कपाळावरची आठी.

तिने मुकाट्याने परवानगी दिली.

"अरे वा, उघडलं!" तो खुलला. मग पुन्हा आठी. "पण फक्त पाहता येतंय. काही बदलायला गेलं की—"

"नव्या माणसाला आधी फक्त पाहू देतात," सिरीन कॉफी ढवळत म्हणाली.

त्याने चमकून पाहिलं. तिने फोन त्याच्यासमोर धरला. त्याचे कान लालबुंद झाले.

"म्हणजे तो नाग..."

"नागीण म्हणा. हरकत नाही."

"आणि पाहून पाहून डोळे दमले तर?" जरा सावरून त्याने विचारलं.

"मग मिटून घ्यायचे."

दोघंही हसले. समुद्रावरून खारा वारा येत होता. त्याने तळलेला, साखरेत घोळलेला गरम बंबालूनी मागवला, अर्धा तोडून तिच्यापुढे केला, आणि तिच्या बोटांना साखर लागलेली पाहून आपला रुमालही पुढे सरकवला.

ट्युनिसमधलं त्यांचं ऑफिस जुन्या इमारतींची डागडुजी करायचं. नकाशे, मोजमापं, फोटो, सगळं क्लाउडवर. कुणी काय पाहायचं, कुणी शेरा लिहायचा, कुणी बदल करायचा, हे सिरीन ठरवायची. नौफल मूळचा कैरवानचा. कामाच्या वेळी काम, आणि सुट्टी झाली की जुन्या शहराच्या गल्ल्यांत हिंडून घरांच्या दारांची रेखाटनं करायचा. खिळ्यांची नक्षी, कड्या, झिजलेले उंबरठे. हे ऑफिसचं काम नव्हतं, त्याचं वेड होतं.

"एक दिवस या रेखाटनांसकट हा लॅपटॉप कुठेतरी विसरशील आणि बसशील डोक्याला हात लावून," ती एकदा म्हणाली. "ती माझ्याकडे ठेव. ऑफिसच्या फोल्डरात तुझा वेगळा कप्पा करून देते."

"तुझ्याकडे राहतील नीट?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे म्हणून तर विचारतोय..."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं. त्याच्या रेखाटनांच्या कडेला ती शेरे लिहायची, 'या दाराला इतका उदास निळा का?' तो खाली लिहायचा, 'त्या दिवशी तू रजेवर होतीस.' हिवाळ्यात पाऊस सुरू झाला की दोघं एकाच छत्रीतून स्टेशनपर्यंत जायचे. छत्री नेहमी तिच्या बाजूला कललेली, त्याचा एक खांदा चिंब.

फेब्रुवारीत मोठं काम हातचं गेलं. सगळे दबक्या आवाजात बोलू लागले. एका दुपारी ऑफिसच्या मालकांनी, सगळे आदराने सी मुन्सिफ म्हणत त्यांनी, सिरीनला आत बोलावलं.

"नौफलला आपण ठेवू शकत नाही," ते चष्मा पुसत म्हणाले. "जेवणानंतर मी सांगतो त्याला. त्याआधी त्याची परवानगी बंद कर. आणि पोरी, एक शब्द बाहेर जाता कामा नये."

"पण आत त्याची स्वतःची रेखाटनं आहेत..."

"ऑफिसच्या फोल्डरात आहे ते ऑफिसचं. सगळ्यांत शेवटी आलेला तोच. दुसऱ्या कुणाला काढू? तुला?"

सिरीन जागेवर आली. वडील आजारी होते, घर तिच्याच पगारावर चालत होतं. तिने त्याचं नाव शोधलं आणि काढून टाकलं. किती सोपं होतं ते!

"चल, लबलाबी खायला," नौफल दारातून म्हणाला. "पाऊस थांबलाय."

तिने नाही म्हणायला हवं होतं. निदान पोटात दुखतंय म्हणायला हवं होतं. पण ती गेली. छोल्यांच्या वाफाळलेल्या रश्श्यात त्याने तिच्यासाठी पावाचे तुकडे कुस्करले, वरून हरीसाची तिखट चटणी कालवली. मग बराच वेळ चमच्याशी चाळा करत राहिला.

"रविवारी... कैरवानला येशील? आईला सांगितलंय मी. तुझ्याबद्दल."

आत्ता सांगावं. आत्ता! पण त्याचा चेहरा इतका उजळला होता की तिचे शब्द जिभेवरच विरले. ती हसली आणि म्हणाली, "आईंना काय आवडतं? काय आणू?"

"तू ये, बस्स."

ऑफिसात परतल्यावर तो उत्साहाने लॅपटॉप उघडून बसला. "थांब, आमच्या घराचं दार दाखवतो. काल पूर्ण केलं... अरे? मलाच बाहेर काढलंय बघ!" हसत हसत त्याने परवानगी मागितली.

तिच्या हातातला फोन वाजला.

तो अजून हसत होता. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता हळूहळू थांबला.

"तुला माहीत होतं?"

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"जेवताना... माहीत होतं?"

आतून सी मुन्सिफ यांनी हाक मारली. तो उठून गेला. बाहेर आला तेव्हा त्याने आपला कोट घेतला आणि तिच्या टेबलापाशी न थांबता जिना उतरून गेला.

ती रोज फोन करायची, तो उचलत नव्हता. शेवटी एका सकाळी ती सी मुन्सिफ यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "ती दारं ऑफिसची नाहीत. त्याची त्याला द्या, नाहीतर मीही उद्यापासून येत नाही." हे इतकं सहज बोलता येतं, हे तिला तेव्हा कळलं. "घेऊन जा बाई," ते म्हणाले. "मला काय करायचीत दारं!"

तिने सगळा कप्पा नौफलच्या मालकीचा करून दिला. संध्याकाळी उत्तर आलं, 'मिळालं. देव तुझं भलं करो.'

वसंतात ती न कळवताच कैरवानला गेली. नोकरी गेल्यापासून नौफल तिथेच होता; त्याच्या मामाच्या सुतारकामाच्या दुकानात तो एका जुन्या दाराची फळी तासत होता. तिला पाहून त्याने रंधा खाली ठेवला, बाकावरचा भुसा झटकून जागा केली. मागच्या घरातून आईचा आवाज आला, "कोण आलंय रे? तीच का?"

"कॉफी टाक, आई," तो एवढंच म्हणाला.

"माझी नोकरी गेली असती, नौफल," सिरीन म्हणाली. "बाबांचं..."

"माहीत आहे मला. परवानगी बंद केलीस, त्याचा राग कधीच गेला."

"मग?"

तो बोटाला चिकटलेला भुसा काढत राहिला.

"तू सांगायचं टाळलं असतंस, मान खाली घालून जेवली असतीस, तरी मी समजून घेतलं असतं. पण मी आईबद्दल बोलत होतो, आणि तू हसलीस. इतकी छान हसलीस... मला वाटलं, आपलं जमलं. आता तू हसलीस की मला भीती वाटते गं. वाटतं, हिला काहीतरी माहीत आहे."

"ते हसू खोटं नव्हतं."

"नसेलही. पण मला कसं कळणार?"

आई कॉफी घेऊन आली, तिने सिरीनच्या डोक्यावरून हात फिरवला. सिरीन निघताना आईने मक्रूद मिठाईचा पुडा बळेच तिच्या हातात कोंबला. "रिकाम्या हाताने जाऊ नये, लेकी."

नौफल तिला लुआजच्या, म्हणजे शेअर टॅक्सीच्या, तळापर्यंत सोडायला आला. गाडी भरायला वेळ लागला, तोवर तो खिडकीशी उभा राहिला... हवेबद्दल, तिच्या वडिलांच्या तब्येतीबद्दल विचारत. मग चालकाने दार ओढून घेतलं. नौफलने हात वर केला.

शेवटचं म्हणून त्याच्याकडे पाहून हसावं, असं तिला फार वाटलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि नुसता हात हलवला.